एका शब्दाचा छाप

पेंटरची अक्षरं साऱ्या गावाने वाचलेली होती. दवाखान्याची पाटी त्याची, शाळेच्या फाटकावरच्या वेळा त्याच्या, धान्याच्या गोदामावरचं ‘विनापरवानगी आत येऊ नये’ हेही त्याचंच. माणूस म्हणून मात्र तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. चाळीस वर्षं शिडीवर काढली, तीही गावाकडे पाठ करून. बायको म्हणायची, ‘यांना अर्धं गाव तोंडाने ओळखत नाही, पाठीने ओळखतं.’

पुढे यंत्रावर छापलेले फलक आले आणि पाट्यांचं काम आटलं. उरले ते छाप, म्हणजे रंग मारायचे स्टेन्सिल. पोत्यांवर, खोक्यांवर, ट्रकच्या फळीवर तेच तेच अक्षर शंभरदा उमटवायचं असेल तर छाप लागतो. पेंटर ते जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापायचा, कारण ती रंगाने भिजत नाही आणि पात्याखाली फाटतही नाही. छापात एक गोम असते. ‘घ’सारख्या अक्षराच्या पोटातला तुकडा सुटा होऊन गळून पडतो, तो जागेवर राहावा म्हणून बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. बाकीचे लोक त्या पट्ट्या सरळ सोडतात. याच्या उस्तादाने याला तिरप्या सोडायला शिकवलं होतं, डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या. तिथे रंग साचत नाही म्हणे. उस्ताद गेला, त्याचे बाकीचे शागीर्द कुणी गाड्या चालवायला लागले, कुणी गाव सोडून गेले. तिरप्या पट्ट्यांचा छाप कापणारा हा एकटाच उरला. त्याला त्याचा अभिमान होता.

साठी उलटली तशी नजर दगा द्यायला लागली. पातं रेघेवरून घसरायचं. त्याच्या दुकानासमोर, औषधवाल्याच्या शेजारी, त्याच वर्षी चष्म्याचं दुकान उघडलं होतं. गल्ल्यावर चाळिशीतली एक बाई, मागच्या खोलीत भिंगं घासणारे तिचे वडील, आणि वरच्या मजल्यावर दोघांचं बिऱ्हाड. माणसं लांबून आलेली. आपापसात वेगळी भाषा बोलत, प्रार्थनेचा दिवस वेगळा पाळत, आणि त्या दिवशी दुकान बंद ठेवत. बाई बाहेर बोलताना कधी कधी घसरायची. ‘चष्मा नीट बसली का?’ म्हणायची. गल्ली हसायची, तीही हसायची.

पेंटर तिथे गेला तेव्हा म्हाताऱ्यांनी त्याला अक्षरांचा तक्ता वाचायला लावला नाही. त्याला खुर्चीवर बसवलं, पुढ्यात टेबल ओढलं आणि म्हणाले, ‘काम करताना बसता तसे बसा.’ मग फीत घेऊन नाकापासून टेबलापर्यंतचं अंतर मोजलं.

‘वाचायचा चष्मा कुणीही देईल,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला कापायचा चष्मा पाहिजे.’

आठ दिवसांनी तो चष्मा डोळ्यांवर चढवून पेंटरने पातं हातात घेतलं, आणि दहा वर्षं मागे गेल्यासारखं त्याला झालं. रेघ न् रेघ स्वच्छ. घरी जाऊन त्याने बायकोला दोनदा सांगितलं की असा कारागीर या गावात दुसरा नाही.

बायकोचा धाकटा भाऊ त्याच रस्त्यावर लोखंडी सामान आणि रंगांचं दुकान चालवायचा. गल्ली त्याला ‘बिजागरी’ म्हणायची. तो बिजागऱ्या विकायचा म्हणून, आणि कुठल्याही दोन माणसांच्या मधे तो बसलेला असायचा म्हणूनही. दुकानदारांच्या मंडळाचा तो चिटणीस. माणूस मदतीला धावणारा. कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिला हजर. पण चष्म्याच्या दुकानाचं नाव निघालं की त्याचा आवाज बदलायचा. ‘आज एक आलेत, उद्या दहा येतील. आपल्यासारखं बोलत नाहीत, आपल्यासारखं वागत नाहीत, आपल्यात मिसळत नाहीत.’ ती माणसं मिसळायला गेली तेव्हा मंडळाने त्यांचा सभासदाचा अर्ज दोनदा परत केला होता, हे तो सांगायचा नाही. दुपारी त्याच्या दुकानात चारपाच जण जमत आणि त्यांना इथून हलवायचं कसं, यावर बोलत. पेंटर रंग घ्यायला जायचा तेव्हा हे त्याच्या कानावर पडायचं. आपण बरं, आपलं काम बरं, म्हणत तो डबे उचलायचा आणि बाहेर पडायचा.

अशाच एका दुपारी मेहुणा त्याच्याकडे आला. सोबत एक जुनी एक्स-रे फिल्म होती.

‘दाजी, एक छाप कापून द्या.’

‘काय लिहायचंय?’

‘निघा.’

‘एवढंच?’

‘एवढंच. वीतभर उंच. लांबून वाचता आलं पाहिजे.’

पेंटर हसला. ‘गोदामावर मारायचंय का? मग ‘प्रवेश बंद’ म्हण. ‘निघा’ काय?’

‘दाजी,’ मेहुणाही हसला, ‘अक्षर तुम्ही बघा. अर्थ आम्ही बघतो.’

पेंटरने पुढे विचारलं नाही. पुढे कित्येक महिने तो स्वतःला सांगत राहिला की विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. लोक काय काय शब्द कापून नेतात. शिवाय बायकोचा भाऊ, आणि रंगही त्याच्याच दुकानातून यायचे. पण खरी गोष्ट एवढीच की विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळाल्यावर काहीतरी करावं लागलं असतं. त्याने चष्मा चढवला, दिव्याखाली फिल्म पसरली आणि तासाभरात शब्द कापून दिला. ‘न’च्या गाठीशी पातं जरासं घसरलं, बाकी काम सुरेख उतरलं. ‘घ’च्या पोटात दोन पट्ट्या, तिरप्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो शब्द चष्म्याच्या दुकानाच्या शटरवर होता. चार वेळा, एकाखाली एक, लाल रंगात.

रस्त्यावर माणसं थांबली होती. औषधवाला आपली पायरी झाडत होता आणि झाडून झालेली पायरी पुन्हा झाडत होता. बाई खाली आली, शब्द वाचला, आत जाऊन साबणाचं पाणी घेऊन आली आणि घासायला लागली. रंग हलेना. तेव्हा ती रस्ता ओलांडून सरळ पेंटरकडे आली.

‘काका, हे कशाने जाईल?’

पेंटर उठला. त्याने फळीवरची थिनरची बाटली काढून दिली, एक फडकं दिलं. ‘हातात काहीतरी घाला,’ एवढं कसंबसं म्हणाला. ‘कातडी सोलवटते.’

संध्याकाळी ती उरलेलं थिनर परत घेऊन आली. बाटली वरून पुसलेली होती.

त्या दिवशी पेंटरने दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले जुने छाप एकेक करून उतरवले आणि माळ्यावर टाकले. कुणी येऊन पट्ट्या बघू नयेत म्हणून. चोराच्या मनात चांदणं.

मग तो शब्द चालायलाच लागला. आठवड्याने बाजूच्या भिंतीवर, मग जिन्याच्या दारावर, मग बाईच्या स्कूटरच्या सीटवर. फोन यायचे आणि पलीकडून कुणी बोलायचं नाही. काचेवर थुंकलेलं असायचं. येणारी गिऱ्हाइकं आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेऊ लागली, मग हळूहळू यायचीच बंद झाली. प्रत्येक वेळी बाई थिनर न्यायला यायची आणि प्रत्येक वेळी पेंटर द्यायचा. पाचव्या वेळी त्याने स्वतःच शटर नव्याने रंगवून दिलं आणि मजुरी घेतली नाही. त्याला वाटलं, एवढ्याने मनावरचं ओझं थोडं हलकं होईल. झालं उलटंच. बाईने औषधवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, ज्याला त्याला सांगितलं की या रस्त्यावर माणूस म्हणावा असा एकच आहे. ते ऐकून आल्यावर पेंटरला घास गिळवेना. बायकोने विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय.

एकदा, फक्त एकदा, तो मेहुण्याकडे गेला.

‘पुरे झालं आता. तो छाप परत दे.’

‘कुठला छाप?’ बिजागरी खिळे तोलत होता.

‘मी कापून दिलेला.’

‘दाजी, तुम्ही कापलेल्या छापाने हे सगळं होतंय असं म्हणताय?’ त्याने तराजू खाली ठेवला. ‘मग जरा मोठ्याने म्हणा. गल्लीला ऐकू जाऊ द्या.’

पेंटर परत आला. आपण जाऊन सांगून आलो, आता आपला दोष उरला नाही, असं मनाला बजावत त्याने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी मनाने ऐकायचं सोडून दिलं.

चौथ्या महिन्यात ते घडलं. सकाळचे अकरा वाजले होते. पेंटर रस्त्याच्या टोकाला शिडीवर उभा राहून केशकर्तनालयाची पाटी रंगवत होता. तोंडाला फडकी बांधलेले तिघे जण चष्म्याच्या दुकानाशी आले. आता अंधाराची लाजही उरली नव्हती. भर दिवसा त्यांनी दर्शनी काचेवर छाप धरला. बाई गावात गेली होती. म्हातारे मागच्या खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी बाकी काही न करता तो छापच पकडला. दोन्ही हातांनी. ओढाओढ झाली, एकाने त्यांना ढकललं, ते पायरीवर पडले. मग कुणीतरी काचेवर दगड घातला.

काच फुटल्याचा आवाज ऐकून पेंटर वळला. पळणारे तिघे त्याला पाठमोरे दिसले. मधल्याची चाल त्याने चाळीस वर्षं बघितलेली होती. उजवा पाय जरा बाहेर टाकत चालायचं ते. स्वतःच्या लग्नात याच मेहुण्याला त्याने खांद्यावर बसवून नाचवलं होतं.

म्हाताऱ्यांचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. भिंग चाकावर धरायचं तर अंगठा आणि मनगट एका ओळीत लागतं. ते काही आता होणार नव्हतं. पोलिसांनी येऊन ‘अज्ञात इसम’ असं लिहून नेलं. रस्त्यावर सोळा दुकानं उघडी होती आणि सोळाच्या सोळा दुकानदारांची तेव्हा नेमकी पाठ होती. पेंटरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘मी शिडीवर होतो.’ ते खोटं नव्हतं. पाच महिन्यांनी फाईल बंद झाली.

बाईने मात्र बंद केली नाही. एके दिवशी ती एका वकीलबाईंना घेऊन पेंटरच्या दुकानात आली. वकीलबाई बारीकशा, सर्दीने बेजार, हातात रुमाल. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यात फिल्मचा फाटका तुकडा होता. म्हाताऱ्यांच्या मुठीत राहिलेला. ‘घ’ जवळजवळ पुरा होता, आणि ‘न’ची गाठ.

‘फौजदारीचं काही होत नाही, म्हणून आम्ही दिवाणी दावा लावतोय,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘तिथे कुणाला तुरुंगात टाकत नाहीत. कुणी केलं, त्याने काय बिघडलं आणि का केलं, एवढं दाखवायचं. शंभर टक्के नाही, पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरतं. आणि या ‘का’ला वजन आहे. भांडणात काच फुटली तर ती नुसती काच. पण माणूस कुठला, प्रार्थना कसली करतो हे बघून फोडली, तर कायदा ते वेगळं मोजतो.’

‘काका, तुम्हाला यातलं कळतं,’ बाई म्हणाली. ‘बघून सांगा ना, हे कुणाचं काम असेल?’

पेंटरने पाकीट उचललं. चष्मा डोळ्यांवर होताच. तिरपी पट्टी, घसरलेलं पातं, सगळं लख्ख दिसलं.

‘असे छाप बाजारात तयार मिळतात,’ तो म्हणाला. ‘सांगता नाही येणार.’

वकीलबाईंनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांच्या ओळीकडे बघितलं आणि पाकीट पिशवीत परत ठेवलं. बाईने मात्र आभार मानले.

दुसऱ्या दिवशी जेवताना बायकोने त्याच्या पानात भाजी वाढली आणि तिथेच बसून राहिली.

‘खिळे कधीपासून रिकामे आहेत?’ तिने विचारलं.

‘कुठले खिळे?’

‘दुकानातले. पहिल्यांदा शटरवर लिहिलं त्या दिवसापासून. मी डबा घेऊन आले होते तेव्हा बघितलं.’

पेंटरने हात थांबवला.

‘अहो, चाळीस वर्षं मी तुमचं अक्षर बघतेय. तुमच्या चिठ्ठ्या, तुमच्या पाट्या. रस्त्याच्या पलीकडून ओळखलं मी. ‘घ’च्या पोटातल्या पट्ट्या तुमच्याच.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘कारण छाप कुणी मागितला तेही त्याच वेळी कळलं.’ ती खाली बघत होती. ‘त्याला मी कडेवर वाढवलाय. आई कामाला जायची तेव्हा त्याला भरवलं, झोपवलं. मला वाटलं, आज थांबेल, उद्या थांबेल. तुम्हाला कसली नावं ठेवू? मीही तेच केलं.’

पेंटरने ताट बाजूला सारलं.

‘मी सांगितलं तर तो जाईल त्यात,’ पेंटर म्हणाला.

‘जाईल. तुम्हीही जाल.’

‘तू काय म्हणतेस?’

‘मी म्हणणार नाही. माझ्या तोंडून भावाविरुद्ध काढून घेऊ नका. उद्या तुम्हाला म्हणायला होईल की बायकोने सांगितलं म्हणून केलं.’ ती उठली. ‘पण ती बाई रोज सकाळी तुमच्याकडे बघून हसते आणि तुम्ही गटाराकडे बघता. हे मला बघवत नाही, एवढंच.’

पेंटरला निर्णय घ्यायला आणखी नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी तो वकीलबाईंच्या ऑफिसात गेला. दोन खोल्या, गठ्ठ्यांनी भरलेल्या, खाली झेरॉक्सचं दुकान. त्याने माळ्यावरचे सगळे छाप पिशवीत भरून नेले होते. ते एकेक करून टेबलावर मांडले आणि म्हणाला, ‘तो तुकडा यांच्याशेजारी ठेवून बघा.’

वकीलबाईंनी बघितलं. मग दार लावून घेतलं.

‘तुम्हाला काय होईल ते समजतंय का? माझी अशील ती आहे, तुम्ही नाही. तुमचं नाव प्रतिवादींत घालणं मला भाग आहे. तुम्ही दुसरा वकील बघा.’

‘वकील नको,’ पेंटर म्हणाला. ‘पण तिला मी आधी सांगू का? कागदावरून कळण्याआधी.’

त्यांनी विचार केला आणि मान डोलावली, पण एका अटीवर: त्या सोबत असतील.

चष्म्याच्या दुकानात नवी काच बसली होती. बाई पुसत होती. पेंटरने उभ्याउभ्याच सांगितलं. कुणी मागितला, कधी मागितला, किती वेळात कापला, पळणाऱ्यांत कुणाला ओळखलं, आणि त्या दिवशी पाकीट हातात घेऊन कसं खोटं बोलला. आपण माफी मागायची असं ठरवून तो आला होता. प्रत्यक्षात ती मागायचीच राहिली, कारण सांगून झाल्यावर तिने विचारलं,

‘याच चष्म्याने कापलंत?’

‘हो.’

‘बाबांनी टेबल ओढून अंतर मोजलं होतं.’

‘हो.’

ती हातातल्या फडक्याची घडी घालत राहिली. चौकोनी, मग आणखी लहान चौकोनी. ‘मी तुमच्याकडूनच थिनर नेत होते,’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘दर वेळी तुम्ही म्हणायचात, हातात काहीतरी घाला.’ मग वकीलबाईंकडे वळून, जणू पेंटर तिथे नाहीच अशा रीतीने, ती म्हणाली, ‘यांना आता घरी जायला सांगा.’

दावा उभा राहायला वर्ष गेलं. कोर्टाची खोली लहान, पंखा आवाज करणारा, बाकं पॉलिश उडालेली. एका बाजूला बिजागरी, दुपारी त्याच्या दुकानात बसणारे दोन साथीदार आणि त्यांचे जाडजूड वकील. दुसऱ्या बाजूला बाई आणि तिचे वडील. पेंटर चौथा प्रतिवादी, पण त्याला कुणी आपल्या बाकावर जागा दिली नाही. तो भिंतीशी उभा राहिला.

साक्षीच्या दिवशी त्याने तुकडा आणि जुने छाप शेजारीशेजारी धरून पट्ट्यांची गोष्ट न्यायाधीशांना समजावून सांगितली. त्यांना ती कळली. त्यांनी स्वतः चष्मा काढून तुकडा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग मेहुण्याचे वकील उलटतपासणीला उठले.

‘स्वतःची मान सोडवण्यासाठी तुम्ही बायकोच्या भावाचं नाव घेताय.’

‘मान सोडवायची असती तर गप्प बसलो असतो, साहेब. गप्प होतो तेव्हा माझी मान मोकळीच होती.’

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर बघितलं आणि हसू थांबलं.

‘छाप कशासाठी हवाय हे माझ्या अशिलाने तुम्हाला सांगितलं होतं?’

‘नाही.’

‘म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं.’

इथे थांबला असता तर पेंटर बराचसा सुटला असता. वकीलसाहेबांना आपल्या अशिलाला सोडवायचं होतं, पण त्याच वाक्यात पेंटरसाठीही दार उघडं होतं. त्याला ते दिसलं. समोर म्हाताऱ्यांचा हात मांडीवर पडलेला होता, तळवा जरासा बाहेरच्या बाजूला वळलेला.

‘माहीत होतं,’ तो म्हणाला. ‘सांगितलं नव्हतं.’

‘कसं माहीत होतं?’

‘मेहुण्याच्या दुकानात दुपारी बसून बोलायचे. मी रंग घ्यायला जायचो तेव्हा ऐकायचो. यांना इथून कसं हलवायचं. असं रोज ऐकल्यावर ‘निघा’ कुणासाठी, हे कळायला किती अक्कल लागते?’

बिजागरीने तेव्हा त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. लहानपणी खांद्यावरून खाली उतरवल्यावर बघायचा तसं. पेंटरला त्या नजरेचा त्रास झाला, आणि आपल्याला त्रास झाला याचाही त्रास झाला.

निकाल बाईच्या बाजूने लागला. तिघांनी मिळून हाताची, काचेची, बंद पडलेल्या धंद्याची आणि इतके महिने भोगलेल्या भीतीची भरपाई द्यायची. दुकान आणि घराच्या आसपास फिरकायचं नाही. पेंटरवरही त्यातला एक हिस्सा बसला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की चौथ्या प्रतिवादीच्या साक्षीशिवाय हा दावा उभा राहिला नसता, आणि चौथ्या प्रतिवादीच्या हाताशिवाय तो लावावाही लागला नसता. वकीलबाईंनी हे वाक्य पेंटरला दोनदा वाचून दाखवलं. त्याने अपील केलं नाही. शिडी विकली, दुकानाचा अर्धा गाळा सोडला.

बिजागरीने वरच्या कोर्टात दाद मागितली, तिथेही हरला. दुकान विकून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. बहिणीशी बोलणं टाकलं. ती वर्षातून दोनदा त्याच्या बायकोला फोन करायची. तिकडून ‘सगळे बरे आहेत’ एवढं ऐकू आलं की ठेवून द्यायची. पेंटरला तिने एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

गल्लीने त्याला दोन्ही बाजूंनी वाळीत टाकलं. निम्मे म्हणायचे, घरच्या माणसाचा घात केला. निम्मे म्हणायचे, साळसूदपणा आता करतोय, आधी छाप कापला तो कुणी? अडचण अशी की पेंटरला दोघांचंही पटायचं. ज्या सोळा दुकानदारांची त्या दिवशी पाठ होती ते मात्र आता बाईला आवर्जून हाक मारायचे, आणि एकाने तर तिला मंडळाचा अर्ज आणून दिला. तिने तो घेतला, वाचला आणि कोरा परत केला.

दुकान तिने चालू ठेवलं. भिंगं आता बाहेरून घासून येतात. पेंटर समोरून गेला की ती त्याच्या आरपार बघते, जसं काचेतून बघावं. त्याने चिठ्ठी लिहून पाहिली, दोनदा. दुसऱ्यांदा टाकून दिली, कारण अक्षर फार सुरेख आलं होतं.

म्हाताऱ्यांशी मात्र एकदा गाठ पडली. हिवाळ्यातली सकाळ होती, बसथांब्यावर दोघंच. म्हातारे हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात निघाले होते. पेंटर बाजूला सरून उभा राहिला, पण बाक एकच होतं आणि म्हाताऱ्यांनी त्यावरची पिशवी उचलून जागा केली. तो टेकला.

बराच वेळ बस आली नाही.

‘कोर्टात खरं बोललात,’ म्हातारे म्हणाले. आता त्यांना इथली भाषा चांगली यायला लागली होती. ‘माझी मुलगी ऐकायला तयार नाही, पण मी तिला सांगतो. ते सोपं नव्हतं.’

पेंटरने त्यांच्याकडे वळून बघितलं. तो काही बोलणार, तेवढ्यात म्हाताऱ्यांनी उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर नीट ठेवला.

‘पण छाप मारला त्याच्या पहिल्या सकाळपासून तुम्हाला ठाऊक होतं. हात मोडला तो चौथ्या महिन्यात.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भिंगाचा नंबर सांगावा तसं ते सांगत होते. ‘मधे चार महिने होते. हा हात त्या चार महिन्यांतला आहे. तुम्ही नंतर जे बोललात ते यात येत नाही.’

‘हो,’ पेंटर म्हणाला.

म्हाताऱ्यांना त्यापुढे काही ऐकायचं असावं असं दिसलं नाही. बस आली. म्हाताऱ्यांना डाव्या हाताने दांडी धरून चढायला वेळ लागत होता. पेंटरने आधाराला हात पुढे केला, मग विचारून घ्यावं असं वाटून थांबला, आणि तो थांबला तेवढ्यात ते आपले आपण चढून गेलेही. त्यालाही त्याच बसने जायचं होतं. तो पुढच्या बससाठी बसून राहिला.